एकेचाळीस पेट्यांची फेरी

...आणि वर मलाच विचारतो, "बाबा, तुम्ही नक्की करता तरी काय?" आता काय सांगायचं ह्या माणसाला? एकोणीस वर्षं... बसा हो, बसा, उठू नका, तुमच्या आधी अजून बारा माणसं आहेत, मी मघाशीच बघून आलो, आणि आतले डॉक्टर एकेकाला पंधरा मिनिटं घेतात, तेव्हा कुठे जाताय... तर एकोणीस वर्षं मी ह्या हॉस्पिटलात रोज सकाळी फेरी मारतोय, तळघर आणि वर सहा मजले, एकेचाळीस पेट्या, एक दिवस चुकवला नाही, आणि हा काल आलेला माणूस, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोत हसतोय, एरवी नाही, तो मला विचारतो, नक्की करता काय!

मी म्हटलं, "बघतो."

"बघतो म्हणजे?"

"म्हणजे बघतो, साहेब. दिवे बघतो."

"आणि मग?"

"मग पुढच्या पेटीकडे जातो."

तर हसला! फोटोतल्यासारखा हसला. मला राग यायला वेळ लागतो, एखाद्या गोष्टीचा राग येईपर्यंत ती गोष्ट संपलेली असते, आमची ही तर म्हणते, तुमच्याशी भांडायचं तर आदल्या दिवशी कळवावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, पेट्या कसल्या? तेच सांगतो. प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी ते राखाडी लोखंडी कपाट आहे ना, ज्याला टेकून लोक फोनवर बोलतात, त्याच्या आत चपट्या पेट्या आहेत. पेटीला ओळीनं भोकं, भोकाभोकात वायर, आणि प्रत्येक भोकाच्या डोक्यावर मुंगीच्या डोळ्याएवढा दिवा. शिकलेली माणसं पेटीला स्विच म्हणतात आणि भोकाला पोर्ट म्हणतात. मी आपला पेटी म्हणतो, पेटीनं कधी तक्रार केली नाही. आता बघा, तुमचं रक्त काढलं पहिल्या मजल्यावर, तपासलं तळघरात, आणि त्याचा निकाल डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसला चौथ्या मजल्यावर, तो काय जिना चढून गेला? जिना चढून मी जातो! निकाल पेटीतून जातो. ह्या पेटीतून त्या पेटीत, त्या पेटीतून पुढच्या, आणि सगळ्या वायरी शेवटी तळघरातल्या मोठ्या पेटीत येऊन मिळतात.

हे मला शिकवलं ताईंनी. ताई म्हणजे इथल्या आधीच्या इंजिनिअर, आता मुलीकडे राहायला गेल्या, सोन्यासारखी बाई. पहिल्याच दिवशी मला कपाटासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बाबा, लिहिता-वाचता येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, इथे वाचायला काही नाहीच. हिरवा दिवा लुकलुकतोय, म्हणजे ठीक. पिवळा झाला, मला येऊन सांगायचं. विझला, पळत येऊन सांगायचं."

मी म्हटलं, "ताई, पळणं आपल्याच्यानं व्हायचं नाही."

"बरं, चालत या. पण एक गोष्ट पक्की. बघायचं, हात लावायचा नाही."

झालं! बघायचं, हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं! तुम्हाला सांगतो, एकदा पाचव्या मजल्यावर एक वायर भोकातून एवढीशी, नखभर बाहेर आलेली, दिवा विझलेला. बोटानं नुसती टेकवली असती तरी बसली असती. पण नाही! मी पाच मजले उतरलो, ताईंना सांगितलं, ताई पाच मजले चढल्या, बोटानं टेकवली, बसली. मग ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शाब्बास." कशाबद्दल? न केल्याबद्दल! आता जगात किती माणसांना न केलेल्या कामाची शाबासकी मिळते?

तर ताई गेल्या आणि हे नवे साहेब आले. माणूस वाईट नाही हं, आधीच सांगून ठेवतो. हुशार आहे, फक्त घाईत आहे. आल्या आल्या त्यांनी तळमजल्यावरची जुन्या फायलींची खोली रिकामी करून घेतली, भिंतीवर एक स्क्रीन लावली, ही एवढी, पलंग उभा केल्यासारखी, आणि तीवर एकेचाळीस चौकोन. हिरवेगार. त्या खोलीतून एक पिवळी वायर काढली आणि तळघरातल्या मोठ्या पेटीत नेऊन लावली. लावताना बॅटरी कुणी धरली? मी धरली. अर्थात बघायचं, हात लावायचा नाही.

मग मला खुर्ची दिली, खुर्ची, आणि म्हणाले, "बाबा, हे बघा. ह्याला नेटवर्क मॅनेजमेंट म्हणतात. आता हे मशीन दर पाच मिनिटांनी प्रत्येक पेटीला विचारतं, 'कशी आहेस?' पेटी उत्तर देते, 'ठीक आहे.' चौकोन हिरवा. तीनदा विचारून उत्तर नाही आलं, की चौकोन लाल."

मी म्हटलं, "पेटीला आपलं बोलणं कळतं?"

"आपलं नाही. बोलायची एक ठरलेली रीत आहे, तिला प्रोटोकॉल म्हणतात. प्रश्नसुद्धा शब्दांत नाही विचारायचा, आकड्यांत. प्रत्येक पेटीत एक यादी असते, यादीत प्रत्येक गोष्टीला नंबर. तुझं नाव काय, त्याला एक नंबर. तू किती दिवस जागी आहेस, त्याला एक नंबर. अमुक पोर्ट चालू की बंद, त्याला एक नंबर. हा बघा, एक टिंब तीन टिंब सहा टिंब एक टिंब दोन टिंब एक टिंब..."

आणि सुरूच झाला! मला वाटलं, जिन्याच्या पायऱ्या मोजतोय. मी मान हलवत राहिलो. मान हलवायला शिक्षण लागत नाही.

"आणि समजा, पाच मिनिटांच्या मधेच काही झालं तर?" मी विचारलं. तर खूश झाले! म्हणाले, "वा बाबा, नेमकं विचारलंत! मग पेटी आपणहून हाक मारते. 'अहो, माझी वायर तुटली!' त्याला ट्रॅप म्हणतात."

"आणि हाक कुणी ऐकलीच नाही तर? परत मारते?"

"नाही. ही एकदाच मारते."

एकदाच! आमच्या घरी अशी हाक असती तर मी आजवर उपाशी राहिलो असतो.

मग म्हणाले, "आणि दोन पासवर्ड आहेत. एक बघायचा, एक करायचा. बघायच्या पासवर्डनं नुसतं विचारता येतं. करायच्या पासवर्डनं इथे बसून कुठलाही पोर्ट बंद करता येतो, चालू करता येतो. तो फक्त माझ्याकडे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं हो. हळूहळू आलं, पण आलं. दारोदार जाऊन विचारायचं, कशी आहेस? ठीक असली तर पुढे जायचं, नसली तर सांगायचं, आणि बघायचं, हात लावायचा नाही... अहो, हा तर मीच! माझीच नोकरी त्यांनी भिंतीवर टांगली होती! मी सहा मजले दिवसातून एकदा चढणार, आणि हे बसल्या जागी पाच मिनिटांत एकेचाळीस दारं ठोठावून मोकळं, गुडघे नाहीत, दम नाही, वाटेत कुणाची विचारपूस नाही!

आणि साहेबांनी तेच सांगितलं. गोड बोलून सांगितलं. "बाबा, आता तुम्हाला चढउतार नको. एक तारखेपासून फेरी बंद. तुम्ही गेटवर बसा, आरामात."

गेटवर! तुम्ही आमच्या गेटवरची खुर्ची बघितलीत का? तिच्यावर बसलेला माणूस सहा महिन्यांत खुर्चीसारखा दिसायला लागतो. आणि फेरी म्हणजे काय नुसते दिवे? पहिल्या मजल्यावर रक्त काढणारी मुलगी म्हणते, बाबा आले म्हणजे नऊ वाजले. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर, त्यांचा आवाज एवढा की आम्ही त्यांना तोफ म्हणतो, पाठीमागे म्हणतो, त्या मला रोज ओरडतात, "बाबा, गोळी घेतली का?" पाचव्या मजल्यावर एक आजोबा दोन महिने पडून आहेत, ते फक्त मी गेलो की डोळे उघडतात, विचारतात, "दिवे लागलेत का?" मी म्हणतो, लागलेत. मग मिटतात. आता गेटवर बसून मी कुणाला सांगू, लागलेत म्हणून?

घरी काही बोललो नाही. बोललो असतो तर आमची ही म्हणाली असती, "गेटवर तर गेटवर, निदान कुठे आहात ते तरी कळेल." तिचं आपलं बरोबरच असतं, म्हणून मी सांगत नाही.

तर महिन्याचा शेवटचा दिवस. माझी शेवटची फेरी. त्या दिवशी मी इतका सावकाश चढलो की एक पायमोडका पेशंट कुबड्या घेऊन माझ्या पुढे गेला. प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक दिवा बघितला, एकेचाळीसच्या एकेचाळीस पेट्या लुकलुकत होत्या, जसं काही झालंच नाही. मनात आलं, एकदा नुसता हात ठेवावा पेटीवर, पाठीवर ठेवतो तसा. पण नाही. बघायचं, हात लावायचा नाही. कपाटं लावली, सात किल्ल्यांचा जुडगा घेतला, आणि खाली आलो तो जुडगा साहेबांच्या हातात द्यायला.

तर खोलीत ही गर्दी! गर्दी म्हणजे तीनच माणसं, पण त्यातल्या एक आमच्या मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या हॉस्पिटलच्या प्रमुख, अंगानं एवढ्याशा, दिवसाला वीस शब्द बोलतात आणि त्यातले पंधरा 'का?' असतात. त्या भिंत बघायला आल्या होत्या. शेजारी साहेब, आज बूट चमकवलेले. आणि कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन मावशी. मी दाराशी उभा राहिलो.

साहेबांचं सगळं सांगून झालं होतं. पाहुण्या आल्यात म्हणून पाच मिनिटांचं एक मिनिट केलं होतं, आता दर मिनिटाला विचारपूस चालली होती, एकेचाळीस चौकोन हिरवे, बाई बघतायत. आणि बाईंनी विचारलं, "हे नुसतं बघतं, की काही करतंही?"

आता ह्या प्रश्नाला 'करतं' एवढं उत्तर पुरत होतं. पुरत होतं की नाही? पण हुशार माणसाला एका शब्दात भागवता येत नाही! साहेब म्हणाले, "करतं म्हणजे! आत्ता दाखवतो. तळघरातल्या मोठ्या पेटीचा चोवीस नंबरचा पोर्ट रिकामा आहे. रिकामा, म्हणजे कुणाला काही होणार नाही. तो मी इथून बंद करतो." आणि टकटक टकटक, करायचा पासवर्ड टाकला, एक टिंब तीन टिंब सहा टिंब, शेवटी चोवीस, आणि बोट असं वर नेऊन, बाजाची पेटी वाजवणारे नेतात तसं, खाली आणलं.

"झालं!"

आम्ही बघितलं. काही झालं नव्हतं. बाई म्हणाल्या, "काय झालं?"

"बंद झाला. रिकामाच होता, म्हणून कळत नाही."

बाईंनी चहा घेतला. मावशींनी मला खूण केली, घ्या. मी कप उचलला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं... आणि भिंतीवर वरच्या कोपऱ्यातला चौकोन लाल झाला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मग पूर्ण ओळ! आणि मग धडाधडा, धडाधडा, अहो, पलंगाएवढी भिंत लालभडक, आणि तिच्या उजेडात साहेब लाल, बाई लाल, मावशींचा चहा लाल!

"एकेचाळीस!" साहेब किंचाळले. "एकेचाळीसच्या एकेचाळीस गेले! सगळं नेटवर्क गेलं! आणि एकानंही हाक मारली नाही, एकही ट्रॅप नाही! म्हणजे कुणीतरी हल्ला केलाय! बाहेरून! बाई, सगळ्या पेट्या बंद करून परत चालू कराव्या लागतील, सगळ्या, आत्ताच्या आत्ता, एकाच वेळी! बाबा, किल्ल्या! द्या किल्ल्या! इलेक्ट्रिशियनना पाठवतो प्रत्येक मजल्यावर!"

आणि हात पुढे.

मी म्हटलं, "नाही."

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून हा शब्द इतक्या दिवसांनी निघाला की मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. मागे कोणी नव्हतं. मीच.

"नाही म्हणजे?" साहेब. "अहो बाबा, सगळं मेलंय!"

"मेलं नाही, साहेब. मी आत्ताच सगळ्यांना भेटून आलोय."

"ती मघाची गोष्ट! आत्ता बघा ना भिंतीवर!"

"साहेब, चौथ्या मजल्यावर ऑपरेशन चाललंय. आतले फोटो डॉक्टरांना त्या पेटीतून दिसतायत. पेटी बंद केलीत तर त्यांना हाताखालचं दिसायचं नाही. किल्ल्या मी देतो, माझ्या कुठे बापाच्या आहेत? पण आधी वर एक फोन करा. एकच. तिसऱ्या मजल्यावर."

साहेब म्हणाले, "वेळ नाही!" बाई म्हणाल्या, "करा." आता बाईंचे शब्द मोजके, त्यातला एक माझ्यावर खर्च झाला! मावशींनीच आपल्या मोबाइलवरून सिस्टरना लावला, त्यांची मैत्री आहे, आणि आवाज मोठा केला... मोठा करायची गरज नव्हती.

"काऽऽय?" सिस्टर. "काम चाललंय इथे!"

मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या स्क्रीनवर रक्ताचे निकाल येतायत का?"

"न यायला काय झालं? आत्ता चार आले! कोण, बाबा का? बाबा, गोळी घेतली का?"

"घेतली, घेतली."

"खोटं बोलू नका!"

आणि फोन बंद. बाईंनी भिंतीकडे बघितलं, लाल. फोनकडे बघितलं. मग साहेबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "का?"

आता साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, "असं होऊच शकत नाही... पेटी चालू आहे तर उत्तर का देत नाही?"

मी म्हटलं, "साहेब, मला आपलं वाटतं ते सांगू का? समजा, मी घराचं दार आतून लावून घेतलं आणि ओरडत बसलो, गल्लीतले सगळे मेले, कोणी बोलत नाही! तर गल्ली मेली, की मी कोंडला गेलो? तुम्ही शेवटचं काय केलंत?"

"चोवीस बंद केला. पण तो रिकामा आहे हो! मी स्वतः बघितलाय!"

"चला, परत बघू."

आणि निघालो! पुढे मी, सावकाश, मला घाई येत नाही, मागे साहेब, त्यांना सावकाश येत नाही, जिन्यात दोनदा माझ्या टाचेवर पाय दिला, त्यांच्या मागे मोठ्या बाई, चहाचा कप हातात तसाच. मावशींना म्हटलं, तुम्ही भिंतीवर लक्ष ठेवा. तळघरात मोठ्या पेटीचं कपाट उघडलं, बॅटरी लावली. अहो, बिघाड नाही, काही नाही, सगळी पेटी लुकलुकतेय, आनंदात! मी बोट पुढे केलं, लांबूनच, न लावता, आणि मोजत गेलो. एकवीस. बावीस. तेवीस, पिवळी वायर, दिवा विझलेला. चोवीस, रिकामा.

"ही पिवळी, साहेब. तुमच्या खोलीची. मी बॅटरी धरली होती."

साहेबांनी वाकून स्वतः मोजलं. "पण मी चोवीस म्हटलं होतं... यादीत चोवीसच..." आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, फाटकन, तळघरात घुमला. "यादीत पहिला नंबर पेटीचा स्वतःचा आहे! पोर्ट दोनपासून सुरू होतात! यादीतला चोवीस म्हणजे भोक तेवीस!"

कळलं का तुम्हाला? पेटीनं आधी स्वतःला मोजलं, मग भोकांना! आमच्या घरी पाहुणे आले की मी पानं मांडताना स्वतःला मोजायला विसरतो, आणि ही पेटी आपलं पान आधी मांडून बसलेली! साहेबांनी चोवीस म्हणून बंद केलं ते आपल्याच खोलीचं दार. पेटीनं हाक मारली असणार हो, तिचा काय दोष? "अहो, तेवीस बंद झाला!" पण मारली कुठून? त्याच बंद दारातून! दार लागल्याची बातमी दाराच्या आत कशी पोचणार? पेट्या ठणठणीत होत्या. आंधळी झाली होती ती भिंत.

"मग उघडा," बाई म्हणाल्या.

"उघडायचा हुकूम माझ्या खोलीतून द्यावा लागतो," साहेब म्हणाले, आणि आवाज इतका बारीक झाला, "आणि माझी खोलीच... दुसरी एक खास वायर असते, ती लावून इथून करता येतं, पण ती... ती मी घरी विसरलो."

आता सांगा! करायचा पासवर्ड जवळ, सगळ्या पोर्टांचा मालक, आणि एक दार उघडता येईना!

मोठ्यांच्या मधे बोलू नये, तरी म्हटलं, "साहेब, हा चोवीस, खरा चोवीस, रिकामा आहे ना? आणि उघडा आहे?"

"हो."

"मग पिवळी तेवीसातून काढून चोवीसात लावली तर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग पेटीकडे. "चालेल," म्हणाले. "तिथून सगळं दिसेल. मग मी वरून तेवीस नीट उघडतो." हात पुढे केला आणि मागे घेतला. हात असा थरथरत होता, आणि पिवळीला खेटून निळी, ती चौथ्या मजल्याची, ऑपरेशनची! बोट चुकलं की संपलं. साहेब म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होणार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही काढा."

"बाई, मला हात लावायची परवानगी नाही."

"मी देते."

अहो, एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं बघायचं, हात लावायचा नाही, आणि त्या दिवशी एवढीशी बाई हातात थंड चहा धरून म्हणते, मी देते! मी आधी हात सदऱ्याला पुसला. दोन्ही बाजूंनी पुसला. बॅटरी साहेबांच्या हातात दिली, म्हटलं, "धरा. आणि बघायचं, हात लावायचा नाही." धरली त्यांनी! गपचूप धरली! मग मी निळीला डाव्या अंगठ्यानं जराशी बाजूला केलं, झोपलेल्या पोराचा हात बाजूला करतात तसं, पिवळीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ नखानं दाबली, ओढली, आली. शेजारच्या भोकाशी नेली, आणि ढकलली.

टक्!

एवढाच आवाज. पण काय आवाज! आयुष्यात मी पुष्कळ आवाज ऐकलेत, बँडसुद्धा ऐकलेत, पण ह्या टक् ची सर कशाला नाही. आधी काही नाही... मग मुंगीच्या डोळ्याएवढा दिवा पिवळा झाला... मग हिरवा... मग लुकलुकला! आणि पुरतं मिनिटही गेलं नसेल, वरून जिन्यातून मावशी ओरडल्या, "अहोऽऽ! भिंत हिरवी झालीऽऽ! सगळी! काय केलंत?"

मी खालून ओरडलो, "हात लावलाऽऽ!"

चौथ्या मजल्यावर ऑपरेशन चालूच होतं. डॉक्टरांना पत्ताही नाही. खरं तर सबंध हॉस्पिटलात कुणालाच पत्ता नव्हता, पण मावशींना होता, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्यांना होता. मी जिन्यानं वर गेलो तर रक्त काढणारी मुलगी सुई हातात घेऊन उभी राहिली, बिचारा पेशंट दंड बांधून बसलेला, म्हणते, बाबा, टाळ्या! सिस्टर चक्क हळू आवाजात बोलल्या, मला वाटलं त्यांना बरं नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी एक डोळा उघडला, "दिवे लागलेत का?" मी म्हटलं, "लागलेत, आणि एक तर मी लावलाय!" तर त्यांनी दुसराही डोळा उघडला.

आणि मोठ्या बाई? त्या साहेबांना सगळ्यांसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भिंत छान आहे. फेरीही चालू राहील. भिंतीला उत्तर येत नाही तेव्हा कुणीतरी जाऊन बघायला हवं. आणि साहेब, तुम्हीही रोज बाबांबरोबर जायचं, म्हणजे भोकं मोजता येतील." मी मोजले, पंचवीस शब्द! सबंध दिवसाचे आणि वर पाच, आमच्यावर! किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या. गेटवरच्या खुर्चीवर मांजर बसतं.

तर आता रोज आम्ही दोघं जातो. म्हटलं ना, माणूस वाईट नाही, प्रत्येक पेटीवर त्यांनी भोकाचा नंबर वेगळा आणि यादीतला वेगळा असे दोन कागद चिकटवले, मला वाचता येत नाहीत, पण रंग वेगवेगळे दिलेत, माझ्यासाठी. चांगलं चाललंय. जिंकलोच म्हणायचं. फक्त एक आहे... माझे गुडघे बघून त्यांना काळजी वाटते हो. म्हणून प्रत्येक वळणावर थांबतात आणि विचारतात, "बाबा, ठीक?" मी म्हणतो, ठीक. पुढचं वळण, "बाबा, ठीक?" ठीक. मंगळवारी चढताना दम लागला होता, म्हटलं कशाला वाफ दवडा, तीन वळणं काही बोललो नाही, तर चौथ्या वळणावर खालून चाकाची खुर्ची, दोन वॉर्डबॉय आणि ऑक्सिजनचा सिलिंडर हजर! तेव्हापासून मी आपला वेळच्या वेळी उत्तर देतो. एकेचाळीस पेट्या आहेत त्यांच्या, बेचाळिसावा मी.